मरियमचा पुत्र

पाच महिने मी एका आंधळ्या बाईला चुकीचं वाचून दाखवलं. चुकून नाही, जाणूनबुजून. आणि हे करणारी मी कोण, तर तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेली बाई. वाचताना पोरांनी एक शब्द गाळला तरी मी अख्खा धडा पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायची. पोरं मला मनातल्या मनात काय म्हणत असतील ते ठाऊक होतं, आणि त्याची मला काडीची फिकीर नव्हती.

आम्ही मुसलमान. घरात दखनी बोलतो, नमाज अरबीत पढतो, पण पुस्तक हातात घेतलं की माझी जीभ मराठीतच मोकळी सुटते. गंगाखेडात आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती घर आहे. तिथं राहणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, मीही म्हणते. त्या मला थोरली बहीण म्हणून आपा म्हणतात. माझे मालक अंथरुणाला खिळले तेव्हा वर्षभर सिस्टरांनी त्यांना कूस बदलून दिली, पाठीच्या जखमा धुतल्या. माझ्या सख्ख्या बहिणी नाकाला पदर लावून चार दिवस राहिल्या आणि आपापल्या गावी गेल्या. तेव्हापासून सिस्टर मला बहिणींपेक्षा वरच्या आहेत.

मग काचबिंदूनं सिस्टरांचे दोन्ही डोळे गेले. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरीला. तिनं आईच्या फोनमध्ये पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ऐकायची सोय करून दिली. सिस्टरांनी दोन दिवस ऐकलं आणि फोन उशीखाली सारला.

"त्यो माणूस लय घाईत हाय, आपा," त्या म्हणाल्या. "त्याला कुटंतरी जायचंय. तुमी वाचा. तुमचा आवाज लय चांगला हाय."

मी लगेच हो म्हणाले. आवाजाची तारीफ केली की मी कशालाही हो म्हणते, हा माझा जुना रोग आहे.

अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की मी पलीकडे जायची. सिस्टर खाटेवर, मी खिडकीपाशी खुर्चीत. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर धडधडत जायचे, त्यांची रांग संपेपर्यंत मी बोट ओळीवर ठेवून थांबायची. सुरुवात जुन्या भागापासून केली. इब्राहीम, युसूफ, मूसा. त्यांच्या पुस्तकात नावं जरा वेगळी, पण ही सगळी माझ्याही घरची माणसं. बापानं कुर्बानीला कोणत्या मुलाला नेलं यावरून आमचं चांगलंच वाजलं. त्या म्हणायच्या इसहाक, मी म्हणायची इस्माईल. चहा गार झाला, पण दोघींनी माघार घेतली नाही.

येशूचा विषयही निघायचा.

"तुमी आमच्या येशूला मानता ना?" सिस्टरांनी एकदा विचारलं.

"मानते की. हजरत ईसांना न मानणारा मुसलमानच नव्हे. बिनबापाचे जन्मले, आंधळ्यांना डोळे दिले, मेलेल्यांना उठवलं, पुन्हा येणार आहेत. सगळं मानते."

"मग देवाचा पुत्र म्हणायला काय जातंय तुमचं?"

"तिथंच तर सगळं जातं, सिस्टर. ते पैगंबर. अल्लाहचे बंदे. मुलगा नव्हे."

"म्हंजे त्याला दारापस्तोर आणायचं आन उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई."

"आणि तुम्ही घरधन्याचा निरोप्या, त्यालाच घरधनी करून बसलात."

हसलो दोघी. पण त्या हसण्यात जरा कचकच होती, दळणात खडा आल्यासारखी. त्या दिवशी मी लवकर घरी आले.

पुढे नवा भाग सुरू झाला, येशूच्या जन्मापासूनचा. पुस्तकही नवं होतं. सिस्टरांच्या वडिलांचं जुनं, बारीक अक्षरांचं पुस्तक मुलगी आठवण म्हणून पुण्याला घेऊन गेली होती. त्याऐवजी चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांच्या लोकांच्या घरोघर वाटलेली सोप्या मराठीतली, मोठ्या टायपाची प्रत माझ्या हातात होती. सिस्टरांना या नव्या पुस्तकातलं अक्षर माहीत नव्हतं. दिसत असताना त्यांनी आयुष्यभर जुनंच वाचलं होतं.

एका दिवशी ते दोन शब्द समोर आले. देवाचा पुत्र.

माझी जीभ टाळूला चिकटली. आता कुणी म्हणेल, वाचायला काय झालं? दुसऱ्याचं म्हणणं आहे, तुझं थोडंच आहे? हे मला कळत नव्हतं असं नाही. माझे मालकच म्हणायचे, कुफ्राची नक्कल म्हणजे कुफ्र नव्हे. दुसऱ्याचे बोल नुसते सांगितले म्हणून आपला ईमान जात नाही. पण कळतं म्हणून वळतं असं थोडंच आहे? लहानपणी जे पहिल्यांदा पाठ केलं त्यात हेच होतं, की अल्लाह एक आहे, त्याला मूल नाही आणि तो कुणाचं मूल नाही. साठ वर्षं ते रोज म्हणणाऱ्या तोंडानं दुसरं काही निघेना. सिस्टर वाट बघत होत्या.

मी वाचलं, "मरियमचा पुत्र."

सिस्टर नेहमीसारख्या "हं" म्हणाल्या. मी पुढे गेले. हायसं वाटलं. मनाशी म्हटलं, यात खोटं काय? मरियमचा पुत्र तर ते होतेच, दोघींच्या हिशेबानं होते.

एकदा सवय लागली की जीभ आपोआप वळते. पुढे तो शब्द दिसला की दोन ओळी आधीच मी सावध व्हायची आणि आवाज न हलवता शब्द फिरवायची. गंमत बघा, आम्ही हजरत ईसांना सुळावर चढवलं असंही मानत नाही. अल्लाहनं त्यांना जिवंत वर उचललं असं मानतो. पण तो सगळा भाग मी एक अक्षर न बदलता वाचला आणि वाचता वाचता रडले. तिथं माझा ईमान आडवा आला नाही आणि दोन शब्दांपाशी आला.

हळूहळू सिस्टरांचं "हं" बंद झालं. त्या मान वाकडी करून ऐकायला लागल्या. दवाखान्यात पेशंटच्या छातीला कान लावून ऐकायच्या, तशा.

"आपा, ती ओळ परत वाचा," एक दिवस त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं. मरियमचा पुत्र.

पहिल्या वेळी जीभ घसरली असं म्हणता आलं असतं. या दुसऱ्या वेळी मात्र मी सरळ खोटं वाचलं. समोर डोळे नसलेली बाई, आणि मी छापलेल्या अक्षरांवर बोट ठेवून दुसरंच बोलत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. खुर्ची करकरली तरी मी दचकायची. तरी मी रोज जात राहिले आणि रोज बदलत राहिले. न जाण्याचं कारण काय सांगणार?

मला वाटत होतं, कधीतरी त्या मला पकडतील. शिव्या देतील. एकदाचं सुटेन. पण सिस्टरांना माझा संशय आलाच नाही. त्यांना पुस्तकाचा संशय आला.

"आपा, ह्ये पुस्तक बिघडवलंय कुणीतरी," एका गुरुवारी त्या आवाज बारीक करून म्हणाल्या. "बाबांच्या पुस्तकात असं नव्हतं. मी समदं ध्यानात ठेवायले. जितं जितं देवाचा पुत्र पायजे तितं तितं ह्ये लोक मरियमचा पुत्र लिवायलेत. अख्ख्या मंडळीत वाटलंय ह्ये पुस्तक. मी पाळकसाहेबाला सांगणार हाय. रविवारच्या भक्तीत उबं राहून समद्यांना सांगणार हाय."

लहानपणापासून मी ऐकत आले होते की ख्रिस्ती लोकांनी त्यांचं पुस्तक बदललं, मूळचं राहिलं नाही. मौलवींच्या वाजात, प्रवचनात ऐकलं, घरात ऐकलं, कधी प्रश्नही पडला नाही की कुणी बदललं, कुठं बसून, कसं. आता बदलताना मी प्रत्यक्ष पाहिलं होतं, आणि बदलणारी मीच होते.

त्याच संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला. माझ्या मांडीवर खेळलेली पोर, मला खाला, म्हणजे मावशी म्हणते.

"खाला, खरं सांगा. आईचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"का गं बेटा?"

"ती म्हणते, पुस्तक बदललंय. तेच पुस्तक माझ्याकडेही आहे, खाला. मी उघडून बघितलं. काही बदललेलं नाही. पण ती ऐकतच नाही. भास होतायत का तिला? रविवारी मी येते. पाळकसाहेबांनाही घरी बोलावलंय. तसलं काही असेल तर घराला कुलूप लावून तिला घेऊनच जाते. इथं म्हाताऱ्या माणसांना ठेवतात अशी एक जागा बघून ठेवलीय मी."

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "ये बेटा. बघू आपण."

फोन ठेवला आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. सिस्टरांना त्या घरात कपाटाचा कोपरा कुठं, मोरीची पायरी कुठं, सगळं हातानं ठाऊक होतं. डोळे नसतानाही त्या स्वतःचा चहा स्वतः करायच्या. दुसऱ्या गावात, परक्या खोलीत त्या बाईचं काय राहणार होतं? आणि हे सगळं माझ्या दोन शब्दांपायी.

शुक्रवारी मी सांगायचं ठरवून गेले. सिस्टरांनी पुस्तक उघडायलाच दिलं नाही. हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"आपा, पोरगी म्हणायलीय, पुस्तकात तसं काईच न्हाई," त्या म्हणाल्या. "मग मला ऐकू कसं यायलंय? माझी माय शेवटी असंच बोलायची, जे न्हाई ते. मला येड लागायलंय का हो, आपा?"

मी त्यांचा हात धरला. "तुमचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे, सिस्टर."

"कशावरून?"

याचं उत्तर फक्त मलाच माहीत होतं, आणि मी ते गिळलं. भित्री आहे मी. वर्गातल्या पोरांवर ओरडणं वेगळं आणि हे वेगळं. आपण जिला फसवलं तिनंच आपला हात घट्ट धरलेला असला की तोंड उघडत नाही. शनिवारी मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि गेलेच नाही.

रविवारी दुपारी भक्ती उरकून पाळकसाहेब आले. मुलगी सकाळीच आली होती. तिनं मलाही बोलावून घेतलं. सिस्टर पांढरी साडी नेसून, केस चापून बसवून खाटेवर ताठ बसल्या होत्या. परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या दिसत होत्या, आणि ती परीक्षा होतीच.

त्यांनी सगळं नीट, एकामागून एक सांगितलं. कोणत्या अध्यायात, कोणत्या जागी. पाळकसाहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी पुस्तक घेतलं, ती जागा काढली आणि वाचली. देवाचा पुत्र.

"परत वाचा," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं. दुसरी जागा काढली, तिसरी काढली. तिन्हीकडं तेच.

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. मुलीनं पाळकसाहेबांकडं बघितलं, पाळकसाहेबांनी खाली बघितलं. आईला दिसत नाही म्हणून तिच्या समोरच दोघांनी नजरेनं बोलून घेतलं. मला ते सहन झालं नाही.

"आई, राहू दे आता," मुलगी म्हणाली. "दमलीस तू. माझ्याकडे चल थोडे दिवस."

"थांब!" सिस्टर म्हणाल्या. "आपा कुटं हायत? आपा, तुमी वाचा. तुमी मास्तरीण हाव, तुमी कदी चुकीचं वाचणार न्हाई. तुमीच वाचून दाखवा यांना."

पुस्तक माझ्या हातात आलं. तीच जागा, तेच बोट. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, पण मला तर तिसरीकडेही जागा नव्हती. मरियमचा पुत्र वाचावं तर पाळकसाहेब शेजारून पानावर बघत होते. जसं छापलंय तसं वाचावं तर मी अल्लाहपुढं कशीबशी सुटले असते आणि लोकांपुढंही सुटले असते, कुणाला काही कळलं नसतं. फक्त सिस्टर वेड्या ठरल्या असत्या, माझ्या तोंडानं.

मी पुस्तक मिटलं.

"पुस्तक बरोबर आहे," मी म्हणाले. "सिस्टरांनी ऐकलं तेही बरोबर आहे. मी बदलून वाचत होते. पाच महिने झाले."

मुलगीच आधी भानावर आली.

"पाच महिने?" ती म्हणाली. "पाच महिने आईला फसवत होतात, मॅडम?" खालाची मॅडम झाले होते मी.

"तुम्हाला मान्य नव्हतं तर वाचायला यायचंच नव्हतं," पाळकसाहेब म्हणाले. चिडले नव्हते, पण बोलणं लागलं. काय चुकलं त्यांचं? बरोबरच होतं.

सिस्टरांनी तळहात कपाळावर ठेवला. "म्हंजे माझं डोकं नीट हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता हसतील. हसल्या नाहीत.

"आपा, पस्तीस वर्षं मी डॉक्टरची चिठ्ठी वाचून सुया टोचल्या," त्या म्हणाल्या. "ज्या औषधावर माझा इस्वास न्हवता तेबी दिलं. पटलं न्हाई तर डॉक्टरला तोंडावर सांगितलं. पण चिठ्ठीतलं अक्षर मी बदललं न्हाई. तुमची जीब वळत न्हवती तर मला कामून सांगितलं न्हाई? मी काय खाल्लं असतं का तुमाला?"

मी पुस्तक खाटेवर ठेवलं.

"आन शुक्रवारी? मी तुमचा हात धरून इचारलं, तवा?"

मी हात पुढं केला. त्यांनी आपला मागं घेतला.

"जावा आता," सिस्टर म्हणाल्या.

मुलगी संध्याकाळच्या गाडीनं एकटीच परत गेली. सिस्टर गेल्या नाहीत. त्यांच्या घराला कुलूप लावून त्यांना कुणी नेलं नाही, एवढं तरी माझ्या कबुलीनं झालं. पण पलीकडचं दार मला बंद झालं. गल्लीतून जाताना मी सलाम म्हणायची. आमच्या दोघींत नमस्कार कधी नव्हताच. त्यांच्यातही सलाम, आमच्यातही सलाम. त्या माझं पाऊल ओळखायच्या आणि तोंड भिंतीकडं करायच्या. जेवण जाईना. नमाजेला उभी राहिले की पहिली आठवण त्यांची यायची. मी अल्लाहची माफी मागायची, आणि माफ करायचं ज्यांच्या हातात होतं त्या भिंतीपलीकडे भांडी घासत असायच्या.

रमजान गेला, ईद झाली. शीरखुर्मा पाठवला, तो भांड्यासकट परत आला. मग एक दिवस दुपारी सिस्टर स्वतःच भिंत चाचपत माझ्या दारात आल्या. काखेत पुस्तक होतं.

"शुभवर्तमानाचे शेवटचे दोन अध्याय ऱ्हायलेत," त्या म्हणाल्या. बसा म्हटलं तरी आधी बसल्या नाहीत. "वाचणार असाल तर बसते."

मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि वाचायला बसले. कबरीतून उठल्यानंतरचा भाग होता. एका शिष्याचा विश्वास बसत नाही, जखमेला हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हणतो. मग तो त्यांना बघतो आणि सरळ देव म्हणून हाक मारतो. इथं पुत्रही नव्हतं, थेट देवच. मी थांबले.

"सिस्टर, पुढचे शब्द माझ्यानं म्हणवत नाहीत."

"कुटवर आलाव?"

"हात पुढं कर म्हणून सांगितलं, तिथवर."

सिस्टरांनी दोन्ही हात मांडीवर जोडले आणि त्या शिष्याचे शब्द स्वतः म्हटले. वडिलांच्या जुन्या पुस्तकातल्या मराठीत, पाठ होते त्यांना. त्या म्हणत असताना मी मनात माझा कलमा पढले. दोन्ही एकाच खोलीत झालं. ना त्या माझ्या बाजूला आल्या, ना मी त्यांच्या. त्यांचं म्हणून झाल्यावर मी पुढची ओळ वाचली.

आता असंच चालतं. पुस्तक संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. जीभ अडली की मी "सिस्टर" म्हणते, त्या तेवढं म्हणतात, मी पुढं जाते. चहा होतो. इसहाक-इस्माईलवरून वाजतंही. लोकांना वाटतं, सगळं पहिल्यासारखं झालं.

फक्त मी पुस्तक मिटलं की सिस्टर मान माझ्याकडं वळवतात आणि विचारतात, "एवढंच लिवलंय का, आपा?"

"एवढंच लिहिलंय, सिस्टर," मी म्हणते.

मी खोटं वाचत होते त्या पाच महिन्यांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. आता मी अक्षर न् अक्षर खरं वाचते, आणि त्या रोज विचारतात.